बिअर पुण्याची, ताट कुणाचं?

मी आर्वी तालुक्यातल्या रोहण्याचा. घरी कापूस, तूर, सोयाबीन आणि थोडी संत्र्याची बाग. आमच्या वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे, आणि सेवाग्राम-पवनारच्या जिल्ह्यात ती असावी, असंच माझं मत आहे. बंदी असूनही चोरून गाळलेली गावात पोचते आणि तिच्यापायी चांगली घरं कशी बसतात, हे मी जवळून पाहिलं आहे. त्यामुळे बंदी उठवा म्हणणाऱ्यांत मी नाही. पण पुण्याला लेकीकडे गेलो की एखाद्या संध्याकाळी तिच्यासोबत एक ग्लास ताजी बिअर घेतो. त्या बिअरबद्दल मला आदर आहे. तिच्यासोबत ताटात जे येतं, त्याबद्दल मात्र तक्रार आहे.

पुलगावहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला उतरणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे सगळं नवं वाटतं, पण पुण्यात ते आता जुनं झालं आहे. २००९ साली कोरिंथियन्स क्लबात ‘डूलाली’ सुरू झालं आणि राज्यात जागेवरच बिअर तयार करून तिथेच पाजण्याची रीत रुजली. पुढे ‘एफिंगट’ आलं, मुंढव्यात ‘इंडिपेंडन्स’ आलं. ‘ग्रेट स्टेट’वाल्यांनी कोकम घालून बिअर केली. ‘मूनशाइन’ने तर मधापासून मीड बनवायला घेतली. ही मंडळी मेहनती आहेत, शिकलेली आहेत आणि आपल्या कामावर त्यांचा जीव आहे.

तो जीव मी एकदा अगदी जवळून पाहिला. लेकीने बिअर बनवणाऱ्या मुलाला सांगितलं, बाबा शेतकरी आहेत, त्यांना बघायचं आहे. काचेमागे स्टीलच्या मोठ्या टाक्या होत्या. त्याने आधी माझ्या हातावर मूठभर माल्ट ठेवला, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. चावले तर भाजलेल्या पोळीच्या कडेसारखे खरपूस गोड. मग हॉप्सची, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांची, हिरवी गोळी दिली आणि म्हणाला, तळव्यावर चोळा. चोळली आणि मी थबकलोच. मृगाचा बहार तोडताना संत्र्याची साल नखाने दबते, तेव्हा जो वास बोटांना लागतो, तोच हा वास! हॉप्सची ही जात अमेरिकेतून आलेली, आणि तिच्यात माझ्या बागेचा वास. अर्क गाळून उरलेला चोथा कुठे जातो, असं विचारलं. गोठ्यात जातो, म्हणाला. गाई आवडीने खातात. सरकीच्या ढेपेवर जनावरं पोसणाऱ्या माणसाला हे ऐकून बरं वाटलं.

गावाकडून शहरात जाणारे पुष्कळजण मला विचारतात, की अशी चांगली जागा ओळखायची कशी. बाहेरची रोषणाई बघू नका. आत जाऊन पहिला प्रश्न विचारा: या आठवड्यात नवीन काय निघालं? वाढणाऱ्या पोराला ते सांगता आलं पाहिजे. ही बिअर पाश्चराइज केलेली नसते, ती दुधासारखी नाशवंत, म्हणून ताजेपणा हाच तिचा खरा गुण. चार छोट्या ग्लासांचं चाखण्याचं फळकूट मागा, बहुतेक ठिकाणी मिळतं. गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, तो तिच्या यीस्टमुळे. तो बरोबर आहे. हलक्या बिअरला लोण्याचा वास आला किंवा साधी बिअर व्हिनेगरसारखी आंबट लागली, तर सरळ परत करा. ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही. यादीत स्ट्रॉबेरी आणि चॉकलेटचीच गर्दी असेल तर मी उठतो. शनिवारी रात्री जाऊ नका, मधल्या वारी संध्याकाळी लवकर जा, म्हणजे बनवणारा भेटतो आणि बोलतो. एक-दोन ग्लासांवर थांबा आणि परतताना रिक्षा करा. बिअरसाठीही आपल्या राज्यात वय २१ पूर्ण लागतं, हे सोबतच्या भाच्या-पुतण्यांना आधीच सांगून ठेवा.

आता खाण्याकडे येतो. इतक्या निगुतीने बिअर करणाऱ्या जागी मेनूकार्ड उघडलं की नाचोज, पिझ्झा, बर्गर, चीज घातलेले फ्राइज. एक जागा सोडून दुसरीकडे गेलो तरी तेच. तिथल्या एका ग्लासच्या पैशात शेजारच्या खानावळीत दोघांचं पोटभर जेवण होतं, आणि ते जेवण त्या बिअरला जास्त शोभतं. हे मी प्रेमापोटी म्हणत नाही. कडू हॉप्सची बिअर तिखटाची आग आणखी वाढवते, म्हणून सावजीच्या रश्श्यासोबत ती घेऊ नये. तिथे गव्हाची बिअर हवी, कमी कडू, थोडी गोडसर. नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या चुलीवरची ही सावजी, काळ्या मसाल्याची, तेलाचा तवंग असलेली. तिची धार गव्हाच्या बिअरने सुसह्य होते. कडू बिअर कुठे चालते? तळणीसोबत. आमच्याकडची सांबारवडी, म्हणजे कोथिंबीर ठासून भरलेली पुडाची वडी, गरम असताना खा आणि वर एक घोट घ्या. तेलकटपणा जिभेवरून धुऊन निघतो. बोंबील फ्रायला स्वच्छ, हलकी लागर. आणि घरी भरून आणलेल्या काळ्या स्टाउटसोबत लेकीने मी वर्ध्याहून नेलेला गोरसपाक ठेवला. भाजक्या धान्याची कडवट चव आणि तुपाचा तो खुसखुशीतपणा असे जमले की आम्ही अख्खा पुडा संपवला.

एवढं सगळं आपल्याकडे असताना बारच्या ताटात महाराष्ट्र का दिसत नाही? ज्वारीची भाकरी, ठेचा, पाटवडी, कुरकुरीत भेंडी, सुकं मटण, यांतलं काहीही स्वयंपाकघराला अवघड नाही. गिऱ्हाइकाला परदेशातल्यासारखं वाटावं म्हणून हे होतं, असा माझा समज आहे. पण जर्मनीत बिअरसोबत जर्मन माणूस आपलंच सॉसेज आणि आपलाच प्रेत्झेल खातो. तिथून बिअर शिकलो, तर हेही शिकावं.

बिअरमधल्या धान्याचंही तेच, आपली ज्वारी तिच्यात का नसावी? आमच्या भागातली ज्वारी माझ्या डोळ्यांदेखत सोयाबीनने खाल्ली. २००७ साली सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान द्यायचं धोरण आणलं. त्याला गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग यांनी जाहीर विरोध केला आणि तो योग्यच होता. सरकारी पैशाने स्वस्त दारूचा पूर आणणं आणि एका छोट्या टाकीत चवीसाठी थोडी ज्वारी घालणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नायजेरियाने १९८८ साली बार्लीच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथले मोठमोठे बिअरवाले ज्वारीकडे वळले. म्हणजे ज्वारीची बिअर होते. त्याने आमचे भाव वाढतील अशी आशा मी धरत नाही, बारच्या टाक्या तेवढ्या मोठ्या नाहीत. पण मूठभर माल्ट माझ्या हातावर ठेवणाऱ्या त्या पोराने उद्या मोड आलेली ज्वारी ठेवली, तर मला अभिमान वाटेल.

तेव्हा पुण्या-मुंबईच्या बारमालकांना विनंती आहे: टाक्यांवर जेवढा जीव लावता, त्याच्या निम्मा तव्यावर लावा. वर्षातून एक तरी बिअर आपल्या ज्वारी-बाजरीची करा आणि यादीवर ते धान्य कुठल्या तालुक्यातलं आहे ते लिहा. आणि वाचकहो, पुढच्या वेळी टेबलाशी बसलात की वाढणाऱ्या पोराला सरळ विचारा, भाकरी-ठेचा आहे का? नसेल, तर मालकाला निरोप द्यायला सांगा.