जाडीआधी माप

सॅन फ्रान्सिस्कोच्या ओशन बीचवर भर उन्हाळ्यातही समुद्राचे पाणी साधारण १२ ते १५ अंश सेल्सिअस इतकेच असते. वाऱ्यामुळे खोल समुद्रातले गार पाणी तिथे किनाऱ्याजवळ वर येत राहते. कॅलिफोर्नियाच्या चित्रांतले ऊन या पाण्याला लागू नाही. अशा पाण्यात सर्फर तास-दीड तास लाटांवर काढतात, ते वेटसूटच्या जोरावर. हा सूट घेताना पहिली चौकशी होते ती जाडीची, तीन मिलिमीटर की चार? स्त्रियांनी तरी हा प्रश्न मागे ठेवावा. सूट अंगापासून कुठे सुटतो, हे आधी पाहावे.

वेटसूटमध्ये शिरलेले पाणीच अंगाला ऊब देते, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. ऊब राखतात ते निओप्रीन या कृत्रिम रबराच्या फेसातले वायूचे बारीक बुडबुडे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला बर्कलेचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांसाठी पोशाख शोधत होते. अंग कोरडे ठेवण्याचा अट्टहास सोडून दिला तरी चालेल, आवरणात वायू अडकलेला असला की पुरे, हे त्यांनी ओळखले. आत आलेले पाणी अंगाच्या उष्णतेने तापते. मात्र ते पातळ थराइतकेच असले पाहिजे आणि तिथेच थांबले पाहिजे.

सूट सैल असेल तर नेमके हेच होत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे सुटलेली जागा कुठे आहे याला फार महत्त्व आहे. स्त्रियांच्या बाबतीत ती बहुधा कमरेच्या वर, पाठीच्या खोलगट भागात असते. नितंबांवर बसणारा सूट तिथे ताणलेला राहतो, पण त्याच्या वर पोकळी उरते. ही पोकळी भात्यासारखी चालते. वाकले की कोमट पाणी बाहेर, लाट अंगावर आली की गार पाणी आत. मग चार मिलिमीटरचा सूटही तीन मिलिमीटरच्या नीट बसलेल्या सूटपुढे फिका पडतो. शरीर ते गार पाणी पुन्हा पुन्हा तापवत बसते, बोटे बधिर होतात, हात वल्ह्यासारखे मारण्याची ताकद ओसरते. किनारा दूर असताना ही गोष्ट साध्या गैरसोयीची राहत नाही.

इथे उत्पादकांनाही बोल लावायला हवा. पुरुषांचाच साचा लहान करायचा, बाजूला एक रंगीत पट्टी जोडायची आणि त्याला ‘स्त्रियांचा सूट’ म्हणायचे, ही जुनी खोड आहे. व्यावसायिक सर्फिंगमध्ये वर्ल्ड सर्फ लीगने २०१९पासून स्त्री-पुरुषांना बक्षिसाची रक्कम समान केली. दुकानातल्या कपाटापर्यंत ती समानता अजून पुरती पोहोचलेली नाही. बरे सूट छाती आणि नितंबांसाठी वेगळे आकार दिलेले तुकडे जोडून शिवतात. काही कंपन्या एकाच मापात उंच आणि बुटक्या बांध्यासाठी वेगळे सूट देतात. अशी मापे मागितली पाहिजेत. मागणीच दिसली नाही, तर ती कुणी बनवणार नाही.

सूट घालून आरशात पाहण्याने फारसे कळत नाही. हात डोक्यावर न्यावेत, उकिडवे बसावे, पोटावर झोपून पाणी कापल्यासारखे हात फिरवावेत. पाठीच्या खोलगट भागात रबर चिमटीत सहज धरता आले, काखेत किंवा जांघेत ते लोंबले, तर माप चुकले. कोरडा सूट जरा जास्तच घट्ट वाटतो, तेवढे चालते, पाण्यात तो थोडा सैलावतो. दीर्घ श्वास मात्र पूर्ण घेता आलाच पाहिजे. छाती दाबून ‘सपाट’ करणारा सूट दम लागल्यावर त्रास देतो. गळ्याशीही जपावे. तिथे सैल असेल तर पाणी शिरते. अति घट्ट असेल तर मानेतल्या रक्तवाहिन्यांवर दाब येऊन चक्कर येऊ शकते.

थंड पाण्यासाठी शिवणही पाहावी. सुई आरपार गेलेल्या साध्या शिवणीतून पाणी झिरपते. चिकटवून मग आरपार न जाणारे टाके घातलेली शिवण महाग असते, पण तिथे काटकसर करू नये. चेन पाठीवर असावी की छातीवर, हा ज्याच्या त्याच्या सोयीचा भाग. छातीवरच्या चेनमधून पाणी कमी शिरते, पण अंगात सूट चढवताना कसरत होते.

मालवण-तारकर्लीला स्कूबा करताना भाड्याचा सूट ढगळ असला तरी फारसे बिघडत नाही, कारण तिथले पाणीच उबदार असते. त्या अनुभवावर विसंबून कॅलिफोर्नियात किंवा इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये सूट घेऊ नये. तिथे दुकानात सूट चढवायला दहा-पंधरा मिनिटे लागतील, घाम फुटेल, विक्रेता घड्याळ बघेल. तरी शेजारचे मापही घालून पाहावे, आणि दोन्ही बसत नसतील तर रिकाम्या हाताने परतावे.