समुद्रकाठचा नवा पंक्तिभेद

पंक्तिभेद गेला, असे आपण समजून चाललो आहोत. कायद्याने तो गेला, हे आम्ही वकिलीचा व्यवसाय करणारे तरी नाकारणार नाही. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांच्या कारणाने कोणालाही मज्जाव करण्यास बंदी केली. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने तिला शिक्षेची जोड दिली. १९७६ साली त्याच कायद्याचे नाव बदलून नागरी हक्क संरक्षण कायदा असे झाले. इतके सारे होऊनही गेल्या मार्गशीर्षात मुंबईस, जुहूच्या समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, आमच्या वडिलांस एका उपाहारगृहाच्या दारात थांबवण्यात आले. कारण जात नव्हती, धर्म नव्हता. कारण त्यांच्या पायांतील वहाणा हे होते.

प्रसंग आमच्या मावशींच्या पंचाहत्तरीचा. मावशी कारवारकडच्या घरात दिलेल्या. लग्नानंतरची पन्नास वर्षे मुंबईत गेली, तरी बोलणे कोंकणीतच. त्यांची इच्छा एवढीच, की देवस्थानात समाराधना व्हावी, केळीच्या पानावर पंगत बसावी आणि शेवटी स्वतःच्या हाताने मणगणें वाढावे. आमचे मावसभाऊ सुविद्य, मिळवते आणि खरेच मातृभक्त. त्यांनी विचार केला की आईने जन्मभर इतरांना वाढले, आता एकदा तरी तिने बसून खावे. आणि म्हणून त्यांनी अत्यंत नामांकित अशा उपाहारगृहात बावीस पाने मांडावयास सांगितली. त्यांच्या हेतूविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. या लेखात जे कडू आहे ते त्यांना उद्देशून नाही.

आम्ही आदिलाबादहून नंदिग्राम एक्सप्रेसने गेलो. वडील नेहमीच्या वेषात, धोतर, सदरा, पायांत वहाणा. दारावरील तरुणाने, तोही बिचारा आमच्यासारखाच कोणा खेड्यातून आलेला असावा, फार अदबीने सांगितले की बंद बुटांशिवाय आत सोडण्याचा नियम नाही. वडील हसले आणि म्हणाले, "देवळात वहाणा बाहेर काढून जायचे असते, इथे बूट घालून जायचे असते, एवढाच फरक." मग मावसभावाने आत जाऊन कोणाशी तरी बोलणे केले आणि आम्हांस 'सोडण्यात' आले. सोडण्यात आले, हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो.

आता कायदा पाहा. पंधरावा अनुच्छेद पाच कारणे सांगतो; त्यांत वेष नाही, भाषा नाही आणि पैसा तर नाहीच. म्हणजे जातीच्या नावाने जे करता येत नाही ते वहाणांच्या नावाने बिनबोभाट करता येते. ही पळवाट तामिळनाडूच्या ध्यानात आली होती. २०१४ साली चेन्नईच्या एका क्रिकेट क्लबात उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनाच ते वेष्टी नेसून आले म्हणून प्रवेश नाकारला गेला, आणि त्याच वर्षी त्या राज्याने पारंपरिक वेषाच्या कारणाने सार्वजनिक जागी प्रवेश नाकारण्यास मनाई करणारा कायदा केला. न्यायमूर्तींचा अपमान झाला तेव्हा कायदा झाला, हे खरे. पण झाला तरी. महाराष्ट्राने आपल्या धोतरासाठी आणि वहाणांसाठी, कोल्हापुरी चपलेला भौगोलिक निर्देशांकाचे मानचिन्ह मिळाल्यावरही, असे काही केलेले नाही. २०२२ च्या दुरुस्तीने दुकानांवर मराठी पाटी सक्तीची झाली आणि २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती लावण्यास दोन महिन्यांची मुदत दिली. पाटी त्या उपाहारगृहावरही होती. तिच्या आत मात्र पदार्थांच्या यादीत मराठी अक्षर नव्हते, आणि मावशींना स्वतःच्याच वाढदिवसाचे जेवण नातवाकडून वाचून घ्यावे लागले.

आणि त्या यादीत होते तरी काय? आम्ही समजत होतो, फ्रान्स-इटलीचे काही असेल. होती ज्वारीची भाकरी! रुपयाहून थोड्या मोठ्या तीन चकत्या, त्यांवर अंबाडीच्या पाल्याची बोटभर चटणी, आणि किंमत साडेसहाशे रुपये. वाढणाऱ्याने समजावून सांगितले की हे दख्खनच्या शेतकऱ्यांचे विस्मृतीत गेलेले अन्न आहे. वडील स्वतः दख्खनचे शेतकरी. त्यांना ते विस्मृतीत गेल्याचे ठाऊक नव्हते, कारण आदल्याच दिवशी सकाळी त्यांनी ते खाल्ले होते. आमच्या जिल्ह्यात ज्वारी पिकते. २०२५-२६ साली संकरित ज्वारीचा सरकारी हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये, म्हणजे किलोला सदतीस. त्या तीन चकत्यांत पाच-सहा तोळे पीठ धरले तरी ज्वारीची किंमत सव्वादोन-अडीच रुपयांवर जात नाही. भाडे, पगार, वीज, नासधूस, हे सारे आम्हांस कळते. आचाऱ्याच्या हातालाही मोल आहे. परंतु जो वर्ग आमच्या बाजारपेठेत हमीभावासाठी शेतकरी ओरडला की महागाईची चिंता करतो, तोच वर्ग समुद्राच्या वाऱ्यात बसून तीच ज्वारी अडीचशेहून अधिक पटीने घेतो आणि तिला 'वारसा' म्हणतो, याची चीड आल्याशिवाय राहत नाही. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे म्हणून पाळले, आपल्या सरकारने त्यांना 'श्रीअन्न' हे नाव दिले. नावात श्री आली. खळ्यावर ती अजून यावयाची आहे.

मग बिल आले. बावीस पानांचे एकसष्ट हजार सहाशे. त्यावर सेवा-आकार म्हणून दहा टक्के, सहा हजार एकशे साठ. आणि या दोहोंच्या बेरजेवर पाच टक्के वस्तू-सेवा कर. एकूण ७१,१४८ रुपये. वाचकहो, यांतील मधली रक्कम ध्यानात ठेवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून सांगितले की हॉटेलवाल्याने सेवा-आकार आपण होऊन बिलात घालू नये, दुसऱ्या कोणत्या नावाने घेऊ नये, आणि तो ऐच्छिक आहे हे गिऱ्हाइकास स्पष्ट सांगावे. हॉटेलवाल्यांच्या दोन संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्याच महिन्यात स्थगिती मिळाली. शेवटी २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने तत्त्वे कायम ठेवून दोन्ही याचिका खर्चासह फेटाळल्या. त्यावर अपीलही दाखल झाले. परंतु अपील दाखल होणे म्हणजे निर्णय पुसला जाणे नव्हे, हे आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या कनिष्ठ वकिलालाही कळते.

आम्ही व्यवस्थापकांस हे सांगितले. त्यांनी 'कंपनीचे धोरण' असे उत्तर दिले. आम्ही निर्णयाची तारीख सांगितली. ते आत गेले, पाच मिनिटांनी बाहेर आले, आणि सेवा-आकार वजा केलेले नवे बिल मुकाट्याने पुढे ठेवले. म्हणजे कायदा त्यांना ठाऊक होता! ज्याला ठाऊक नाही त्याच्याकडून घ्यावयाचे, आणि ज्याला ठाऊक आहे त्याच्यापुढे वाकावयाचे, एवढेच ते धोरण. पण आम्हांस लागले ते वेगळेच. मावसभाऊ खाली मान घालून हळूच म्हणाले, "दादा, इथे कशाला? लोक बघताहेत." आपल्याच पैशांचा हिशेब विचारण्याची लाज वाटावी, ही त्या दिव्यांची, त्या काचेच्या पेल्यांची आणि त्या मंद संगीताची खरी करामत आहे. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारा सुशिक्षित मनुष्य तेथे सहा हजारांवर मौन पाळतो, कारण बोलला तर तो 'त्या जागेचा' ठरत नाही. पंक्तिभेद म्हणतात तो दुसरा कोणता?

कोणी म्हणेल, ज्याचा पैसा त्याची चैन. वकीलसाहेबांस काय पडले आहे? चैन करावी. आम्ही काही उपास करावयास सांगणारे नव्हे. आदिलाबादचा मनुष्य मिरचीचा ठेचा आणि वरून तुपाची धार यांस नाही म्हणत नाही. पाककला ही कला आहे आणि तिच्यासाठी पैसे मोजणे हे गाण्याच्या बैठकीस पैसे मोजण्यासारखेच आहे. लोअर परळच्या कमला मिल्सच्या आवारात २०१५ साली निघालेल्या 'बॉम्बे कॅन्टीन'सारख्या जागांनी प्रांतोप्रांतीच्या भाज्या आणि धान्ये मानाने ताटात आणली, हे आम्ही श्रेय म्हणूनच नोंदतो. परंतु ते आवार कोणाचे होते याचीही आठवण ठेवावी. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेल्या एकट्या कामगारांना ज्या बायकांनी खाणावळी चालवून जगवले, त्यांना १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केले आणि सावकाराच्या हातून सोडवून राष्ट्रीयीकृत बँकांच्या दारात उभे केले. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या. आपल्या या मासिकाच्या वाचकांस त्या परक्या नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्या गेल्या, कामगार गेले, खाणावळी विझल्या, आणि त्याच चिमण्यांच्या सावलीत दिव्यांच्या माळा लागल्या. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री त्याच कमला मिल्समध्ये गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागून चौदा माणसे गेली. झगमगाटाची परवानगी मिळवणे सोपे आणि बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवणे अवघड, असे आपल्या नगरांचे झाले आहे.

मुंबईत दुसरीही परंपरा आहे, आणि ती मेलेली नाही. माटुंग्याचे रामा नायक यांचे उडुपी बोर्डिंग १९४२ पासून केळीच्या पानावर जेवू घालीत आले. तेथे शेटजी आणि कारकून एकाच बाकावर रांगेत थांबतात. किंग्ज सर्कलच्या गौड सारस्वत ब्राह्मण सेवा मंडळाच्या गणेशोत्सवात रोज हजारो पाने उठतात आणि कोणाच्या पायांत काय आहे हे कोणी पाहत नाही. सर्वांचे पाय अनवाणीच असतात.

येथे आमच्यावर एक आक्षेप येणार, आणि तो यावा. देवळांच्या पंगतींनी कोणता मोठा समभाव दाखवला? दाखवला नाही. आमच्याच घरात आजोबांच्या काळी सोवळ्याची पंगत वेगळी आणि अंगणातले पान वेगळे होते, हे आम्ही लपवणार नाही. ज्यांना देवळाची पायरीही बंद होती त्यांना प्रथम कोणी शेजारी बसवले असेल तर ते पुष्कळदा हॉटेलवाल्याने, चार आण्यांच्या चहाच्या निमित्ताने. देवस्थानाच्या पंचांनी नव्हे. रत्नागिरीत भागोजीशेठ कीर यांनी बांधलेल्या पतितपावन मंदिरासारखी उदाहरणे, जेथे १९३१ पासून सर्वांस दार मोकळे होते आणि सहभोजने झाली, ती बोटांवर मोजण्याइतकीच. म्हणून तर आम्हांस आज अधिक बोलावेसे वाटते. शंभर वर्षे भांडून, लाज वाटून, कायदे करून आपण जी एक ओळ सरळ केली, ती आता पैशाच्या दोरीने पुन्हा वाकडी होत आहे, आणि ती वाकडी करणाऱ्यांत आपलीच मुले पुढे आहेत.

मुलेच का म्हणावे? आमच्या येथील ज्या देवस्थानाच्या समितीवर आम्ही आहोत, तिच्यापुढे एक ठराव आला आहे. उत्सवातील महाप्रसादासाठी वातानुकूलित दालन बांधावे; ठरावीक रकमेच्या वर देणगी देणाऱ्यांस तेथे टेबल-खुर्चीवर, वेगळ्या आचाऱ्याचे, पाच पदार्थ अधिक असलेले पान मिळावे; बाकीच्यांची पंगत नेहमीप्रमाणे मांडवात. ठरावाला नाव मोठे गोंडस दिले आहे, 'विशेष प्रसाद'. प्रसाद विशेष कसा असतो, हे आम्ही सभेत विचारले. एका सन्माननीय सभासदांनी उत्तर दिले, की मुंबईस, गोव्यास सर्वत्र अशीच रीत आहे आणि देणगीदार आता चटईवर बसावयास तयार नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या ठेवाव्यात, त्या आम्हीही मागतो. पण त्या गुडघ्यांकडे पाहून ठेवाव्यात, पावतीकडे पाहून नव्हे. आणि पान सर्वांचे एक असावे. त्या जुहूच्या जेवणाच्या पहिल्या बिलातील ७१,१४८ रुपयांत हमीभावाने एकोणीस क्विंटल ज्वारी आली असती. दालनाचा खर्च याच्या कितीतरी पट आहे, आणि मांडवाचे पत्रे गेल्या पावसाळ्यापासून गळत आहेत.

त्या रात्री परतताना मोटारीत मावशींना मुलाने विचारले, "आई, कसें जालें?" त्या बराच वेळ बाहेर समुद्राकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "बरें आशिल्लें, पूण पोट भरूंक ना." मावसभावाने त्यावर काही म्हटले नाही. माघात मात्र त्यांनीच देवस्थानात समाराधना घातली. बुटांवरून आठवण झाली म्हणून सांगतो, कमरेला उपरणे बांधून ते अनवाणी ताक वाढीत होते आणि मावशी एका खुर्चीवर बसून मणगण्याची पातेली जवळ ओढून घेत होत्या.

'विशेष प्रसादा'च्या ठरावास आम्ही लेखी हरकत दिली आहे. सभा येत्या पौर्णिमेस आहे. ज्या वाचकांच्या देवस्थानांत असा ठराव येऊन गेला असेल, त्यांनी तो कसा हाताळला हे त्यापूर्वी कळवले तर आम्ही त्यांचे ऋणी राहू.