टेस्टलाही दुसरी नजर हवी

सोलापुरात बसून पुण्यातल्या टीमसोबत काम करताना कोड रिव्ह्यूत मी एक गोष्ट नेहमी पाहतो. मूळ कोडच्या एकेका ओळीवर खल होतो. टेस्टची फाइल मात्र वरवर चाळून ‘ठीक आहे’ म्हणून पुढे ढकलली जाते. यामागच्या तिन्ही समजुती मला चुकीच्या वाटतात.

पहिली समजूत अशी, की टेस्ट हिरव्या झाल्या म्हणजे झाले. बिलिंगचे साधे उदाहरण घ्या. चादरींचा व्यापारी सांगतो, ‘शंभर नगांपासून पाच टक्के सूट.’ डेव्हलपर अट लिहितो, ‘शंभरपेक्षा जास्त’. टेस्टमध्ये तो ५० आणि १५० नग घालून पाहतो. दोन्ही पास. प्रत्येक ओळ चालली, म्हणून कव्हरेजही १०० टक्के. पण मोजून शंभर चादरी नेणाऱ्या गिऱ्हाइकाची सूट बुडाली! कोड लिहिणाऱ्यानेच टेस्ट लिहिली, त्यामुळे एकच गैरसमज दोन्हीकडे उतरला. ‘बरोबर शंभर असतील तर?’ हा प्रश्न बहुधा दुसऱ्यालाच सुचतो.

दुसरी समजूत वेळेची: ‘रिलीज तोंडावर आहे, टेस्ट कोण वाचत बसणार?’ ४ जून १९९६ रोजी एरियान-५ रॉकेट उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतले सॉफ्टवेअर एरियान-४ चे होते. नव्या रॉकेटच्या उड्डाणमार्गाचे आकडे घालून ते तपासलेच नव्हते. चौकशी मंडळाने स्पष्ट म्हटले, की चाचण्या अपुऱ्या आहेत हे रिव्ह्यूंमध्ये कुणाच्या लक्षात आले नाही. प्रकल्पाबाहेरची माणसे रिव्ह्यूत घ्या, अशी शिफारसही केली. वाचलेला वेळ असा वसूल होतो.

तिसरी समजूत, रिव्ह्यू म्हणजे चुका काढणे. त्याने नवी पोरे दुखावतात. ‘हे चुकलंय’ एवढेच लिहून मोकळे झालो तर दुखावतीलच. त्याऐवजी टेस्टर आणि डेव्हलपर यांनी अर्धा तास एका स्क्रीनसमोर बसावे, मग एक सोलापुरात आणि दुसरा पुण्यात का असेना. टेस्टच्या नावात जे म्हटले आहे तेच ती तपासते का? सीमेवरचे आकडे घेतले आहेत का? अट मुद्दाम बिघडवली तर टेस्ट लाल होते का? या तीन प्रश्नांत कुणाचा अपमान नाही. उलट नवख्याला व्यापाऱ्याचा व्यवहार कळतो आणि जुन्याला आपण काय गृहीत धरले होते ते दिसते.

जॅकार्ड मागांच्या या गावाला हे वेगळे सांगायला नको. नक्षीच्या कार्डात एक छिद्र चुकले, तर नक्षी जितक्या वेळा फिरते तितक्या वेळा तो दोष कापडावर उमटतो. टेस्टही कोडच्या प्रत्येक बदलानंतर पुन्हा चालते. ती चुकीची असेल तर दर वेळी खोटी ग्वाही देते, आणि आपण तिच्या भरवशावर निर्धास्त राहतो.

म्हणून सहकाऱ्यांना माझी विनंती आहे: पुढच्या रिव्ह्यूत टेस्टची फाइल आधी उघडा, आणि ती समजल्याशिवाय मंजुरी देऊ नका.