मतदान झालं, पुढे काय?

जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत सत्राच्या सुरुवातीला शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. अर्ज, माघार, प्रचार, बोटाला शाई आणि मतदान मोबाइलवरच्या ईव्हीएमवर! बटण दाबलं की खऱ्या यंत्रासारखा बीप वाजतो. हा सगळा खटाटोप उभा करणाऱ्या तंत्रस्नेही शिक्षकांबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण निकाल लागतो, फोटो ग्रुपवर पडतात आणि मोबाइल खिशात जातो. निवडून आलेल्या स्वच्छतामंत्र्याचं नाव फलकावर उरतं. बटण दाबलं की नागरिकाचं काम संपलं, असं मुलं त्यातून शिकतात आणि याचीच मला काळजी वाटते. 2022 नंतर राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर काही वर्षं प्रशासक होते. मुलं आपलं मंत्रिमंडळ निवडत होती, पण त्यांची शाळा चालवणाऱ्या सभागृहात लोकांनी निवडलेलं कोणी नव्हतं. यावर किती वर्गांत बोलणं झालं असेल?

प्राथमिक वर्गांत नागरिकशास्त्र परिसर अभ्यासातूनच शिकवलं जातं. मग वर्गातला टीव्ही गावाकडे वळवावा. केंद्र सरकारचं ई-ग्रामस्वराज संकेतस्थळ 2020 पासून सर्वांना खुलं आहे. आपली ग्रामपंचायत निवडली की विकास आराखडा समोर येतो: कोणतं काम, किती रक्कम. पाचवीच्या मुलांना लाखाचे आकडे वाचता येतात. आराखड्यात अंगणवाडीची दुरुस्ती असेल तर वर्गाने जाऊन अंगणवाडी पाहावी, फोटो काढावा, तो आराखड्याशेजारी पडद्यावर लावावा. त्यातून सुचणारे प्रश्न मुलांनी स्वतः लिहावेत. यासाठी टॅबचा ढीग लागत नाही. रेंज नसेल तर आदल्या दिवशी पानं उतरवून ठेवली की झालं.

खरी अडचण वेगळीच आहे. सरपंच बहुधा वर्गातल्याच कुणाचा तरी काका असतो, आणि गावाशी वाकडं घेऊन गुरुजींना शाळा चालवता येत नाही. म्हणून हा भार एकट्या शिक्षकावर टाकू नये. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. हा उपक्रम समितीने ठरावात घ्यावा आणि सरपंच, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना वर्गात बोलवावं. मुलं विचारतील तेव्हा आराखडा पडद्यावर असू द्यावा.