स्पीकरआधी खोली मोजा

एक मायक्रोफोन, लॅपटॉप आणि तंबोऱ्याचे अ‍ॅप एवढ्या सामग्रीवर आज घरात गाणे ध्वनिमुद्रित होते. पुढची खरेदी असते ती ‘स्टुडिओ मॉनिटर’ची, म्हणजे ज्यांच्या पोटातच अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला असतो अशा स्पीकरच्या जोडीची. दुकानात चर्चा सुरू होते ती इंच आणि वॅट यांवर. पाच इंची घ्यावा की आठ इंची? पन्नास वॅटचा की शंभरचा? वॅट दुप्पट केले तर आवाज अवघा तीन डेसिबलने वाढतो, हे मात्र विक्रेता सहसा सांगत नाही.

खरे तर कानावर येणारा आवाज स्पीकर आणि खोली मिळून घडवतात. दहा फूट लांबीच्या खोलीत ५६ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज समोरासमोरच्या भिंतींत अडकून घुमतो. भिंतीलगत तो फुगतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. मध्यावर बसून मिक्सिंग करणाऱ्याला खर्ज कमी वाटतो, तो वाढवतो, आणि तेच गाणे मोटारीत वाजवले की नुसता गडगडाट ऐकू येतो. अशा खोलीत आठ इंची स्पीकर आणणे म्हणजे दुखण्याला खतपाणी घालणे. तिथे पाच इंचीच बरा. तो भिंतीला, विशेषतः कोपऱ्याला, चिकटवू नये. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचे डोके यांचा तीन-चार फुटांचा समभुज त्रिकोण जमावा आणि उंच स्वरांचा छोटा स्पीकर कानाच्या पातळीवर यावा. भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवण्याची हौस अजून टिकून आहे. त्यांनी खर्ज शोषला जात नाही, आगीचा धोका मात्र वाढतो. जाड गादी किंवा पुस्तकांनी भरलेले कपाट त्यापेक्षा कामाचे.

मॉनिटर गोड वाजलाच पाहिजे असे नाही. यामाहाचा ‘एनएस-१०’ १९७८ मध्ये आला तो घरगुती स्पीकर म्हणून. नाव मिळवले ते मात्र स्टुडिओत, कारण तो ध्वनिमुद्रणातले दोष झाकत नसे. ज्याला मुख्यतः संध्याकाळी नाट्यपदे ऐकायची आहेत, त्याला असा स्पीकर कोरडा वाटू शकतो. त्याने नेहमीच्या ऐकण्यातली दोन-तीन गाणी सोबत नेऊन जोडी निवडावी. तुलना करताना दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा ठेवायला सांगावे, कारण किंचित मोठ्याने वाजणारी जोडी कानाला हमखास सरस वाटते. काहीही वाजत नसताना स्पीकरजवळ कान नेऊन सूं असा आवाज किती येतो, तेही पाहावे. तीन फुटांवर बसणाऱ्याला रात्री तो जाचतो.

कानांचा प्रश्न यातूनच निघतो. हळू आवाजात मानवी कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवले. ‘भरीव’ वाटावे म्हणून आवाज वाढवण्याचा मोह होतो तो त्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा सुचवली आहे. प्रत्येक तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे ९२ डेसिबलला सारा आठवडा मिळून अडीच तास. मिक्सिंगला बसलेला माणूस एवढा वेळ एका बैठकीत संपवतो. कानाच्या शंखातील केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. काम आटोपल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर तो थकवा समजून सोडून देऊ नये.

तेव्हा समोरच्याशी आवाज न चढवता बोलता येईल इतपत पातळीवर काम करावे आणि तासाभराने दहा मिनिटे शांत बसावे. खर्ज तपासायला थोडा वेळ आवाज वाढवून पुन्हा उतरवला तरी भागते. रात्री दहानंतर निवासी भागात ध्वनीची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे. मग हेडफोन लागणारच. पण पंख्याची घरघर झाकायला त्यांचा आवाज वाढवण्यापेक्षा मिक्सिंग सकाळवर ढकललेले बरे.