रूटच्या नावावर आमचे अंक

मराठीच्या अभ्यासकांत एक विचित्र अभिमान रूढ झाला आहे : ‘त्या यंत्रातले आम्हांला काही कळत नाही.’ हा अभिमान निरुपद्रवी नाही, असे आमचे म्हणणे आहे.

छत्रपती संभाजीनगरातील एका वाचनकक्षातला प्रसंग पाहा. याच शहरातून गंगाधर पानतावणे यांनी चालवलेल्या ‘अस्मितादर्श’च्या जुन्या अंकांची छायाचित्रे एका विद्यार्थ्याने महिनाभर खपून काढली आणि पेन ड्राइव्हवर साठवली. कक्षातील लिनक्स संगणकाला ड्राइव्ह जोडला, तेव्हा पडद्यावर एक ओळ उमटली : माउंट करणे हे फक्त ‘रूट’चे काम आहे. कोणी म्हणाले, फुकटच्या प्रणालीकडून आणखी काय अपेक्षा करणार! कोणी सुचवले, ड्राइव्ह बिघडलाय, फॉरमॅट करा. म्हणजे महिन्याचे श्रम पुसून टाका! तेवढ्यात चहा आला, म्हणून ते टळले. श्लेषाच्या छटा उलगडणारी आम्ही मंडळी, पण ती साधी ओळ कोणीच नीट वाचली नाही.

ओळीत बिघाडाचा उल्लेखच नव्हता, अधिकाराचा होता. माउंट करणे म्हणजे बाहेरच्या साठ्याला संगणकाच्या फाइल-व्यवस्थेत जागा देणे. त्या साठ्याबरोबर रूटच्या अधिकाराने चालणारा एखादा प्रोग्रॅमही आत शिरू शकतो. म्हणून हा अधिकार मुळात रूटकडे, म्हणजे संगणकाच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याकडे, राखलेला असतो. यात अन्याय काही नाही.

अन्याय पुढे घडला. व्यवस्थापकांनी ‘सुडो’ वापरून रूटच्या अधिकाराने ड्राइव्ह जोडून दिला व ते निघून गेले. आता अंक दिसत होते, पण विद्यार्थ्याला एका फाइलचे नावही बदलता येईना. पेन ड्राइव्हवरच्या ‘फॅट’ रचनेत फाइलच्या मालकाची नोंदच नसते. वेगळे काही सांगितले नाही, तर जो माउंट करतो तोच मालक धरला जातो. श्रम विद्यार्थ्याचे आणि मालकी रूटची!

सर्वांना रूटचा पासवर्ड वाटणे हा यावरचा उपाय नव्हे. लिनक्सच्या बहुतेक डेस्कटॉप मांडण्यांत ‘यूडिस्क्स’ ही सेवा, संगणकासमोर प्रत्यक्ष बसलेल्या साध्या वापरकर्त्याला पेन ड्राइव्ह माउंट करू देते. त्या कक्षात ती काढून टाकलेली होती. ती नकोच असेल, तर ‘एफएसटॅब’ नावाच्या फाइलमध्ये त्या साधनाच्या ओळीत ‘यूजर’ हा एक शब्द घालावा. त्या शब्दाबरोबर साठ्यातले प्रोग्रॅम चालवण्यास आपोआप मनाई होते; म्हणजे सुरक्षितताही राहते आणि ड्राइव्ह जोडणाऱ्याच्या फाइली त्याच्याच नावावर राहतात. हे न करता दर वेळी ‘मला बोलवा’ म्हणणे ही सोय नव्हे. ती वाचकाला लावलेली लाचारी आहे.

साहित्याच्या प्राध्यापकाने हे कशाला शिकायचे, असे विचारले जाईल. बखरींवर प्रबंध लिहू पाहणारा मोडी शिकतो, तेव्हा हा प्रश्न कोणी विचारत नाही. आमची नियतकालिके आता अशा साठ्यांत उतरत आहेत. तो साठा कोण उघडणार, हे ठरवणारी ओळ वाचणे हेही वाचनच आहे. ते ज्यांना कमीपणाचे वाटते, त्यांनी निदान फॉरमॅटचा सल्ला तरी देऊ नये.