पोट तसेच, खिसा मात्र रिकामा!

रात्रीच्या बातम्या संपल्या की दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एक बाजार भरतो. पिळदार पोटाचा एक गोरा पुरुष आणि चवळीच्या शेंगेसारखी एक बाई एका यंत्रावर हसत हसत डुलत असतात. ओठ इंग्रजीत हलतात, कानावर हिंदी पडते. रोज फक्त पाच मिनिटे, घरबसल्या, ना घाम ना दमणूक! मग 'आधी' आणि 'नंतर' अशी दोन छायाचित्रे. मग एक मोठी किंमत, ती खोडून अर्धी किंमत, आणि शेवटी घाई : आजच फोन करा, मोजकेच नग शिल्लक! दुसऱ्या रात्री तेच यंत्र, तेच हसू आणि तेच मोजकेच नग. महिना उलटला तरी हे मोजकेच नग काही संपत नाहीत! आता हा बाजार मोबाईलमध्येही शिरला आहे. एकदा चुकून बोट लागले की कंबरेचा पट्टा आणि चालण्याचे यंत्र आठवडाभर पिच्छा सोडत नाहीत.

या माऱ्याचा वैताग कोणाला येत नाही? 'चॅनेल बदला, विषय संपला' असे काही शहाणे सांगतात. पण विषय एवढ्यावर संपत नाही. तीच ती जाहिरात पुन्हा पुन्हा का दाखवली जाते, हा खरा प्रश्न आहे.

हिशेब सोपा आहे. जाहिरातपट एकदाच तयार होतो. रात्री उशिराची आणि पहाटेची वेळ वाहिन्यांकडून स्वस्तात मिळते. हजारो बघणाऱ्यांपैकी मूठभरांनी फोन केला तरी धंदा बसतो, आणि या माऱ्याचा खर्च त्या यंत्राच्या किमतीतूनच वसूल होतो. म्हणजे ज्या जाहिरातीने डोके उठते, तिचे पैसे गिऱ्हाईकच भरते! दुसरे कारण याहून घातक आहे. १९७७ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयोगात असे दिसले, की तेच विधान पुन्हा पुन्हा कानावर पडले की ते माणसाला अधिक खरे वाटू लागते. विधान खोटे असले तरीही! ज्याच्याकडे पुरावा असतो तो एकदा सांगतो. ज्याच्याकडे नसतो तो शंभरदा सांगतो.

पुरावा का नसतो, तेही पाहू. पोट हलवले की पोटाचीच चरबी जाते, हा या जाहिरातींचा पाया आहे आणि तोच कच्चा आहे. १९८४ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काही पुरुषांनी २७ दिवसांत प्रत्येकी पाच हजारांवर सिट-अप काढले, म्हणजे पाठीवर झोपून उठून बसण्याचा व्यायाम केला. स्नायूंना काम मिळाले, पण पोटावरची चरबी इतर जागांपेक्षा जास्त घटली असे काही आढळले नाही. शरीर चरबी वापरते ते सगळीकडून. यंत्र विकणाऱ्याने बोट दाखवलेल्या जागेवरून नव्हे!

हा माल जिथून आला त्या अमेरिकेतच त्याचे पितळ उघडे पडले आहे. मे २००२ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने पोटाला बांधायच्या विजेच्या तीन पट्ट्यांच्या विक्रेत्यांवर फसवणुकीची कारवाई सुरू केली. त्या काळी केबलवर सर्वाधिक वेळा दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातींत याच पट्ट्यांच्या जाहिराती होत्या. ऑगस्ट २०१२ मध्ये 'ॲब सर्कल प्रो' या यंत्राचे प्रकरण मिटले. तीन मिनिटांत शंभर सिट-अपचे काम आणि दोन आठवड्यांत दहा पौंड वजन कमी, असे त्याचे दावे होते. विक्रेत्यांना गिऱ्हाइकांच्या परताव्यासाठी दीड ते अडीच कोटी डॉलर मोजणे भाग पडले.

आपल्याकडे काय? आपल्याकडे कायदा आहे, पण तो लोकांच्या घरापर्यंत पोहोचलेला नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड आहे. २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नापतोल या कंपनीला १० लाखांचा दंड ठोठावला. माल होता गुडघ्याचा चुंबकीय पट्टा, ॲक्युप्रेशरच्या चपला आणि सोन्याचे म्हणून दाखवलेले दागिने. आदेशात आणखी दोन गोष्टी होत्या. कार्यक्रम आधी चित्रित केलेला असेल तर तसे पडद्यावर स्पष्ट लिहा, आणि 'आजच मिळेल' अशी खोटी टंचाई दाखवणे बंद करा. मोजकेच नग शिल्लक, या वाक्याची किंमत सरकारदरबारी अशी नोंदली गेली आहे!

याच बाजारात हनुमान चालिसा यंत्रेही विकली जात होती. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, दैवी शक्तीचा दावा करून विकल्या जाणाऱ्या अशा वस्तूंच्या जाहिराती महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा ठरवल्या. एक यंत्र नशीब बदलतो म्हणते, दुसरे पोट. पहिल्याला आपण अंधश्रद्धा म्हणतो. दुसऱ्याने विज्ञानाचा पांढरा डगला चढवला म्हणून ते डोळस ठरत नाही.

आणि हे सारे कोणत्या देशात चालले आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. सुमारे १९ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश आहेत आणि २४ टक्क्यांचे वजन जास्त आहे. वजन वाढणे हाही आजारांना निमंत्रण देणारा प्रश्न आहे, तो आम्ही नाकारत नाही. पण चार घरची धुणीभांडी करून आलेली आमची बहीण पाठ टेकता टेकता टीव्ही लावते, तेव्हा तिला सांगितले जाते की तुझी कंबर हाच तुझा दोष! तिच्या अंगात रक्त किती, ताटात डाळ किती, विश्रांती किती, हे कोणी विचारत नाही. तिला स्वतःच्या देहाची लाज विकली जाते, तीही हप्त्याने. चार महिन्यांनी ते यंत्र माळ्यावर जाते किंवा त्यावर कपडे वाळत घातले जातात. हप्ते मात्र चालूच राहतात.

शरीर कमवावे, जरूर कमवावे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल सांगते. भरभर चालणे त्यात धरले जाते आणि चालायला हप्ता पडत नाही. पण चालायचे कुठे? वस्तीतल्या मैदानावर गाड्या उभ्या, पदपथ खोदलेला, तालमीला कुलूप, आणि अंधारात बाईमाणसाने बाहेर पडावे असा रस्ता नाही. नगरसेवकाकडे मागायची तर मैदान मागा, दिवे मागा, तालमीची किल्ली मागा.

आणि वाचकहो, फसवणूक झाली असेल तर लाजून गप्प बसू नका. पावती आणि जाहिरातीचे चित्र जपून ठेवा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यांनी एकच थाप शंभरदा सांगितली आहे. आपणही आपली तक्रार दाद लागेपर्यंत पुन्हा पुन्हा सांगू!